खांद्यावरचा शब्द

बारामती

चिपळूणहून निघाले तेव्हा पिशवीत दोन काळे कुडते होते, कारण गडद कपड्यावर हात उठून दिसतात, आणि डोक्यावर घ्यायला एक ओढणी होती.

मी खुणांच्या भाषेची दुभाषी आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना इतरांचं बोलणं हातांनी सांगायचं आणि त्यांच्या हातांचं बोलणं इतरांना तोंडानं सांगायचं, हे माझं काम. कोर्टात केलंय, दवाखान्यात केलंय, एकदा लग्नाच्या बैठकीतलं मानपानाचं भांडण दोन्ही बाजूंनी साग्रसंगीत केलंय. पण बारामतीहून हरलीन नावाच्या एका तरुण आईचा व्हिडिओ कॉल आला आणि तिनं जे मागितलं, तसं आजवर कुणी मागितलं नव्हतं.

"माझ्या मुलीचं नाव ठेवायचंय," तिचे हात म्हणाले. "गुरूचा शब्द माझ्यापर्यंत सगळ्यांबरोबर पोचला पाहिजे. त्याच क्षणी. येशील?"

वाचकांसाठी थोडं सांगते, मलाही ते तेव्हाच कळलं. शीख घरात बाळाचं नाव ठेवताना भाईजी, म्हणजे गुरुद्वारात ग्रंथ वाचणारे, त्यांचा पवित्र ग्रंथ उघडतात. कुठलंही पान. डाव्या पानाच्या माथ्यावर जे पद येईल, तो त्या वेळचा हुकूम, म्हणजे देवाघरची आज्ञाच. त्या पदाचं पहिलं अक्षर ते बाळाच्या नावाचं पहिलं अक्षर. काय वाचलं जाणार हे वाचणाऱ्यालाही आधी ठाऊक नसतं! कोर्टात निदान खटला कशाचा ते माहीत असतं. इथे शेकडो वर्षांपूर्वीची भाषा, कधी न पाहिलेलं पद, आणि समोर डोळे लावून बसलेली आई. भीती वाटली हे खरं, पण त्याहून जास्त हात शिवशिवले. मी लगेच हो म्हटलं.

घाट चढून, कऱ्हाड-फलटण मागे टाकून बारामतीत उतरले आणि पहिल्यांदा डोळ्यांत भरलं ते आकाश. आमच्या कोकणात ते माडांच्या फटीतून बघावं लागतं. इथे चारी बाजूंनी अंगावर येतं. खाली ऊस, मका, डाळिंब, मधून कालव्याचं पाणी, आणि रस्ते इतके सरळ की गाडीला वळायची सवयच मोडावी.

हरलीन आणि तिचा नवरा संदीप, दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही. पुण्यात एका प्रशिक्षणाच्या वर्गात ओळख झाली आणि रजिस्टर लग्न केलं. तो निमगाव केतकीच्या शेतकरी घरातला, आता एमआयडीसीत लेथवर काम करतो. त्यांच्या दाराची बेल दाबली की घरभर दिवे लुकलुकतात. मी हौसेनं दोनदा दाबली, तर संदीप धावत आला. बाळाला ऐकू येतं, डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. तरी घरी येणारा प्रत्येक पाहुणा तिच्या कानाशी टाळी वाजवून खात्री करून घेतो. "आता टाळी वाजवणाऱ्याला चहा मिळणार नाही," हरलीननं मला दारातच बजावलं.

घरात तिसरे होते हरलीनचे वडील. त्यांना सगळे दारजी म्हणतात, पंजाबीत वडिलांना तसंच म्हणतात. तरुणपणी ट्रक घेऊन या भागात आले, इथेच राहिले. आता बारामतीत त्यांचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. पांढरीशुभ्र दाढी, निळी पगडी, आणि तोंड उघडलं की अस्सल बाजारपेठेतलं मराठी. "या ताई, बसा हितं. घाट लागला का? आमच्या भाकरीनं समदं बसतंय पोटात." रात्रीच्या जेवणाला राजमा होता, सोबत ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. दारजींनी भाकरी राजम्यात कुस्करली, वर कांदा फोडला. मीही तसंच केलं. भाताशिवाय माझं जेवण होऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं.

जेवता जेवताच मी कामाचं बोलणं काढलं. हुकूम वाचला जात असताना मला अर्थ कोण सांगणार? भाईजी वाचतील, दारजी हळू आवाजात मराठीत अर्थ सांगतील आणि मी तो हातांनी हरलीनला देईन, असा माझा बेत होता.

दारजींनी घास खाली ठेवला. "राग मानू नका ताई. हुकूम चालू असताना मधी कुणी बोलत न्हाय. मी तुमच्या कानात कुजबुजत बसलो तर ती बेअदबी. आधी हुकूम हुंद्या. मग सांगा की तिला निवांत, नंतर."

मी ते हरलीनला सांगितलं. 'नंतर' या खुणेवर तिचा चेहरा बदलला.

"लहानपणापासून नंतर," तिचे हात जोरात चालायला लागले आणि मी तिच्या जागी बोलायला लागले. "गुरुद्वारात सगळे डोळे मिटून बसायचे, मी एकटी बघत बसायचे. एकदा दारजींच्या डोळ्यांतून पाणी वाहताना बघितलं. विचारलं, काय झालं? म्हणाले, नंतर सांगतो. घरी आल्यावर खुणेनं सांगितलं, 'देव चांगला आहे.' बस्स. एवढ्यावर कुणी रडतं का? काहीतरी मोठं होतं, ते यांनी एकट्यानं घेतलं आणि मला चिल्लर दिली."

बापलेकीच्या मध्ये बसून, लेकीचं हे बोलणं मी बापाला माझ्याच आवाजात ऐकवलं. दारजींनी ताट बाजूला सारलं.

"मी मुद्दाम न्हाय केलं," ते म्हणाले. "मला सांगताच येत न्हाय. आमचा गुरू कुणी माणूस न्हाय ताई, शब्द हाच गुरू. आन् शब्द म्हंजी नुसता अर्थ न्हाय. त्याचा नाद असतो. अनहद म्हणत्यात त्याला. दोन वस्तू एकमेकीवर आपटल्या की आवाज हुतो, तसला न्हाय. काय न वाजवता वाजतो, आत. आता हे तिला कसं सांगू? तिला नाद कसा दाखवू?"

'अनहद'! मी अशा शब्दांवरच जगते. दोन्ही मुठी एकमेकींवर आपटल्या, मग मान हलवून ते आपटणं पुसून टाकलं, हात लांब नेले आणि तरीही नाद होतोय असं दाखवलं. हरलीननं मला ते पुन्हा करायला लावलं. मग आणखी एकदा. आणि ती हसली.

"न वाजवता वाजतो?"

"व्हय," दारजी म्हणाले.

"मग तो ऐकायला तुमचे कान तरी काय कामाचे? तिथे तुम्ही आणि मी सारखेच."

हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि संदीपनं आनंदानं टेबलावर थाप मारली. दारजी उठले, हात धुतले आणि आपल्या खोलीत गेले. मी मनात म्हटलं, झालं, आल्या आल्या घरात भांडण लावलंस बाई.

अंथुर्ण्याजवळ

सकाळी आम्ही दारजींच्या जीपमधून संदीपच्या गावाकडे निघालो. नाव इंदापुरात ठेवायचं होतं, त्याआधी एक दिवस संदीपच्या आईकडे मुक्काम. मी पुढे, हरलीन, संदीप आणि बाळ मागे. दारजी नुसती गाडी हाकत होते. मी सारखी मागे वळून हातांनी गप्पा मारत होते, त्यात मान अशी आखडली की पुढचे दोन दिवस मी जगाकडे तिरकीच बघत होते.

अंथुर्णं आलं तशी दारजींनी जीप एका रसवंतीपाशी थांबवली. रसाचे पेले आले. त्यांनी आपला पेला बॉनेटवर ठेवला आणि मला म्हणाले, "सांगा तिला. मी बोलतो, तुमी सांगा."

मी पेला खाली ठेवून हात पुसले.

"जुन्या ट्रकचं इंजिन केबिनमधीच असायचं. आवाज असा की क्लीनरला हाक मारायची तर दंडाला धरून हलवायला लागायचं. मी पाठ म्हणत गाडी चालवायचो. पाठ म्हंजी रोजची प्रार्थना, ताई. माझंच बोलणं मला ऐकू यायचं न्हाय. पुढं पुढं तर ओठ बी हलवायचं बंद केलं. तरी पाठ व्हायचा. कधी कधी घाटात आसं वाटायचं की मी म्हणतच न्हाय, कुणीतरी माझ्यात म्हणतंय." ते थांबले. मग लेकीकडे वळून, तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "रातभर इचार केला. तवा मी बी बहिराच हुतो की. तुझं खरं हाय, पुत्तर."

माझे हात थांबेपर्यंत हरलीन हलली नाही. मग तिनं आपला रसाचा पेला उचलून बापाच्या ओठांना लावला. दाढीभर रस सांडला आणि रसवंतीवाला फडकं घेऊन धावला. मला तर इतका आनंद झाला की मी एका दमात दोन पेले रस प्यायले. आलं-लिंबू घातलेला, आमच्याकडच्या कोकम सरबताला खुन्नस देणारा!

शेळगावचं रान

संदीपची आई, सुमनमावशी, शेळगावच्या शिवारात आमची वाट बघत होत्या. घर निमगाव केतकीत, जमीन अलीकडे शेळगावात. डाळिंबाच्या बागेकडेला ज्वारीचा तुकडा राखलेला, खास हुरड्यासाठी. खड्ड्यात गोवऱ्यांचा विस्तव आणि त्यात भाजलेली कोवळी कणसं. मावशी ती हातावर चोळत, फुंकर मारून टरफलं उडवत आणि गरम हिरवे दाणे आमच्या ओंजळीत टाकत. बरोबर लसणाची चटणी, गूळ आणि घट्ट दही. आमच्याकडे थंडीत पोपटी लावतात, मडक्यात वालाच्या शेंगा भाजतात, तिचा मला अभिमान आहे. पण हुरड्यासमोर मी तो गुपचूप गिळला.

"खावा वो ताई, लाजू नका. तुमच्याकडं निस्ता भातच खात्यात म्हणं?" मावशींनी विचारलं.

"मासेही खातो," मी म्हटलं.

"आगं बया. सकाळच्याला बी?"

खाता खाता मी आणि हरलीन उद्याच्या तयारीला लागलो. एक अडचण राहिली होती. 'शब्द' दाखवायचा कसा? आमच्या भाषेत मी एरवी वापरते ती खूण म्हणजे अंगठा आणि तर्जनीमधली चिमूटभर जागा, कागदावरच्या एखाद्या शब्दाएवढी. हरलीनला ती चालेना.

"हा तर वर्तमानपत्रातला शब्द झाला," ती म्हणाली. "गुरू एवढासा असतो?"

मी 'गुरू' आणि 'वाणी' जोडून दाखवलं. नको. 'उजेड' दाखवला. सुंदर आहे पण नको. तोंडातून बाहेर पडणारा शब्द दाखवला. "तोंड नको!" तिनं माझे हात धरून खाली केले. भाषेच्या अशा अडचणीत सापडण्यासारखं सुख नाही. आम्ही दोघी विस्तवापाशी बसून हवेत खुणा करतोय आणि खोडतोय. संदीप मध्येच एखादी सुचवतोय, दारजी काही न कळता एकेका हाताकडे बघतायत.

तेवढ्यात मावशी गरम दाण्यांची ओंजळ घेऊन मागून आल्या. हरलीनला हाक मारून उपयोग नाही, म्हणून त्यांनी नेहमीसारखा तिच्या खांद्यावर हात ठेवला. हरलीन वळली. दाणे घ्यायला हात पुढे केला आणि तसाच ठेवला.

"हेच," तिनं मला सांगितलं. "मला कुणी बोलावतं तेव्हा असं होतं. खांद्यावर हात पडतो, मी वळते, आणि समोर कुणीतरी माझ्यासाठी असतं."

तिनं आपलीच बोटं आपल्या खांद्यावर टेकवली आणि मग तो हात उघडून छातीवर ठेवला. शब्द.

मी दारजींना सांगितलं. त्यांनी एकदा करून पाहिलं. मग पुन्हा. "आसंच हाय," ते म्हणाले. "शब्द म्हंजी त्यानं हाक मारणं. बराबर हाय." आणि जे बसले ते माझ्या मागेच लागले. "ताई, मन कसं म्हणायचं? जवळ? भ्या? आई? बाहेर? विसरणं?" पदांमध्ये हे शब्द पुन्हा पुन्हा येतात, ते म्हणाले. स्टेअरिंगनं जाड झालेली बोटं वळता वळत नव्हती. 'विसरणं' करताना त्यांनी दोनदा पगडीला धक्का दिला. मावशी हसून हसून खाली बसल्या. संध्याकाळी निमगावच्या घरी पिठलं-भाकरी खाताना, चूळ भरतानासुद्धा दारजींचा सराव चालूच होता. इतकी वर्षं त्यांनी घरच्या चार खुणांवर भागवलं होतं, आणि आता एका दिवसात सगळं हवं होतं!

इंदापूर

इंदापूरच्या बाहेर, हायवेलगत ड्रायव्हर आणि दुकानदारांनी मिळून बांधलेलं छोटं गुरुद्वार आहे. पांढरी भिंत, उंच निशाण आणि पाय धुवायला वाहतं पाणी. आमच्या देवळांसारखा गाभारा नाही. मूर्ती नाही. मधोमध रेशमी कापडांखाली ग्रंथ, त्यावर छत, आणि मागे बसून भाईजी चवरी ढाळतायत, जशी राजावर ढाळावी. "राजाच हाय त्यो," मावशी माझ्या कानात म्हणाल्या. त्या नातीच्या बारशाला आल्या होत्या, नाकात नथ आणि डोक्यावर पदर.

माझी पंचाईत तिथेच सुरू झाली. ग्रंथाकडे पाठ करायची नाही. पण हरलीनला माझे हात दिसायचे तर माझं तोंड तिच्याकडे हवं, आणि तिचं तोंड ग्रंथाकडे! शेवटी भाईजींनीच ग्रंथाच्या बाजूला, भिंतीशी सतरंजी टाकून दिली. तिथून दोन्हींचा मान राहत होता. शिवाय दोन्ही हात खुणांना लागणार, आणि ओढणी सारखी घसरणार. मावशींनी आपल्या साडीची पिन काढली आणि ओढणी माझ्या केसांत घट्ट टोचली. "आता डोकं काढून दिलं तरी ती न्हाय पडायची," त्या म्हणाल्या.

कीर्तन, म्हणजे इथे पदं गाणं, झालं. पदं मला आधी कळवली होती, हात सुरळीत चालले. मग सगळे उभे राहून प्रार्थना झाली. पुन्हा बसलो आणि भाईजींनी ग्रंथ उघडला. पंख्याचासुद्धा आवाज नको म्हणून कुणीतरी तो बंद केला.

दारजी माझ्या शेजारी होते. शेवटी त्यांनी कुजबुजायचं कबूल केलं होतं, अगदी हळू. भाईजींनी वाचायला सुरुवात केली. मी हरलीनला 'शब्द' दाखवला, तिच्याच खुणेनं. दारजी कानाशी पुटपुटले, "मनाला म्हणतंय, हे मना..." मी ते दिलं. "तू जे हुडकतोयस..." तेही दिलं. पुढच्या ओळीसाठी थांबले. कुजबूज आली नाही. भाईजी वाचत होते, ओळ निघून चालली होती, हरलीन वाट बघत होती. घाबरून मी दारजींकडे वळले.

त्यांचे हात वर आले होते.

'बाहेर', ते लेकीला म्हणाले. 'नाही.' मग 'जवळ'. खूप जवळ, दोन्ही तळवे जवळजवळ चिकटलेले. 'आई', 'बाळ', 'विसरणं', 'नाही'. खुणा मोडक्या होत्या, क्रम उलटसुलट होता, 'मन' आणि 'डोकं' यांत गोंधळ होता. पण ते भाईजींच्या आवाजाबरोबर चालले होते, ओळीला ओळ लावून. कुणाच्या वाचण्यात व्यत्यय नाही, कुणाची बेअदबी नाही. मीही हळूच माझे हात मांडीवर ठेवले. हरलीन आता माझ्याकडे बघतच नव्हती. ती वडिलांकडे बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. दारजींच्याही. दोघं एकाच गोष्टीवर, एकाच वेळी रडत होते.

आपण तिथे नसलो तरी चाललं असतं, याचा एवढा आनंद दुभाष्याला क्वचितच होतो. मला तर उठून नाचावंसं वाटलं. पिन होती म्हणून गप्प बसले.

पहिला शब्द 'मन' होता, म्हणजे अक्षर 'म'. लोक नावं सुचवू लागले. हरलीननं बोटांनी एकेक अक्षर मांडलं आणि मी मोठ्यानं म्हटलं, "मेहर." भाईजींनी 'मेहर कौर' म्हणून पुकारलं आणि जयकाऱ्यानं छत दणाणलं. बाळ दचकलं, पण रडलं नाही.

मग गरम कडाह प्रसाद, आमच्या सत्यनारायणाच्या शिऱ्याचा थोरला भाऊ, तूप कोपरापर्यंत ओघळणारा. आणि लंगर. सगळे एका पंगतीत जमिनीवर, भाईजी, ड्रायव्हर, मावशी, मी. डाळीबरोबर निमगावहून आणलेल्या भाकऱ्या होत्या.

"माहेर!" मावशी तोंडभरून म्हणाल्या. "किती ग्वाड नाव ठिवलंसा. पोरीचं नावच माहेर."

"माहेर न्हाय वो, मेहर," दारजी हसले. "मेहर म्हंजी कृपा. देवाची दया."

"त्येच की. माहेर म्हंजी दुसरं काय आसतंय?"

दारजींनी भाकरीचा घास हातात धरून जरा विचार केला. "व्हय," म्हणाले, "तसं बी चालंल."

"पण तिची खूण काय?" मी हरलीनला विचारलं. आमच्या भाषेत प्रत्येकाला हातांनी हाक मारायचं एक नाव असतं, ते तिला अजून मिळालं नव्हतं. हरलीननं मांडीवरच्या लेकीकडे नीट पाहिलं. बाळाच्या हनुवटीवर एक बारीक खळी आहे. तिनं आपल्या हनुवटीवर तर्जनी टेकवली आणि अलगद फिरवली.

संदीपनं तसं केलं. दारजींनी केलं. मावशींनी केलं, मग शेजारच्या ड्रायव्हरनं, मग त्याच्या शेजारच्यानं, आणि बघता बघता पंगतभर डाळीनं माखलेली बोटं हनुवट्यांवर फिरू लागली. कितीतरी पिवळ्या हनुवट्या. मेहर टक लावून सगळ्यांकडे बघत होती.

आणि मग तिनं हात उचलला, तोंडात घातला, आणि चोखू लागली.